दिवे विझतात, घड्याळं थांबतात. मग मी बाबांजवळ बसू का?

प्रश्न : माझं वय ३६. कॉलेजात असल्यापासून रात्री चालताना मी जवळ गेले की रस्त्यावरचा दिवा विझतो. दर वेळी नाही, पण मैत्रिणी चेष्टा करतील इतक्यांदा. हातातलं घड्याळ काही महिन्यांत बंद पडतं. ऑफिसातला प्रिंटर माझ्याच वेळी अडतो, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. मन थाऱ्यावर नसलं की हे सगळं वाढतं. वाचायला लागले तेव्हा कळलं की अशी माणसं जगभर आहेत. मॉथमन या अमेरिकी दंतकथेतल्या पंखवाल्या प्राण्यासारख्यांच्या आसपास टीव्ही आणि गाड्यांचे रेडिओ बिघडल्याच्या हकिकतीही वाचल्या आणि घाबरले. त्यांच्यात जे आहे तेच माझ्यातही आहे का? एरवी हसण्यावारी नेलं असतं, पण नुकताच बाबांना पेसमेकर बसवला. मी भेटायला गेले त्याच दिवशी त्यांना चक्कर आली. तेव्हापासून मी दारातूनच बोलते. त्यांना वाटतं मी रुसले आहे. खरं कारण सांगायची लाज वाटते. घरात कुणालाच बोललेले नाही. कधी कधी वाटतं, हे दिवे मला काही सांगत तर नाहीत ना? ओळखीच्या एका बाईंनी वाईट लहरी शोषून घेणारं पेंडंट दिलंय, ते रोज घालते. ते घालून बाबांजवळ बसलं तर चालेल का?

उत्तर :

ताई, बाबांच्या खोलीत जा. आजच जा, पलंगाशेजारी बसा, त्यांचा हात हातात घ्या. पेंडंट मात्र बाहेर काढून ठेवा. का ते शेवटी सांगते.

तुमच्या शरीरात वीज आहे, हे खरंच. सगळ्यांच्याच असते. ईसीजी काढताना कातडीवरून जी मोजतात ती साधारण एक मिलिव्होल्ट असते, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. हृदयाचं चुंबकीय क्षेत्र तर त्याहून नाजूक. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आपण रात्रंदिवस वावरतो, त्याच्या जवळपास दहा लाखाव्या भागाइतकं ते असतं. १९६३ मध्ये ते पहिल्यांदा मोजलं गेलं तेव्हा तारेचे लाखो वेढे असलेल्या गुंडाळ्या छातीपाशी धराव्या लागल्या होत्या. आजही ते नीट मोजायचं तर सहसा बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खास खोली लागते. आता बाबांच्या पेसमेकरचा विचार करा. तो त्यांच्याच छातीत, त्यांच्याच स्नायूंना खेटून बसलाय आणि त्याची तार थेट त्यांच्या हृदयाच्या आत गेलीय. त्यांनी हात वर केला तरी त्या स्नायूंची वीज त्याच्यापर्यंत तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त पोहोचते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करायला तो शिकवलेला असतो. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसलेल्या लेकीची दाद तो घेणारच नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ती चक्कर तुम्ही डॉक्टरांना सांगितलीत का? पत्रावरून तरी नाही असं दिसतं. चक्कर आपल्यामुळे आली असं तुम्ही धरून चाललात, लाज वाटली म्हणून गप्प बसलात, आणि पेसमेकर बसवल्यानंतर आलेली चक्कर डॉक्टरांच्या कानावर गेलीच नाही. पहिल्या काही आठवड्यांत आतली तार जागेवरून सरकू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस जास्त होऊ शकतो. नुसतं झटकन उठल्यानेही चक्कर येते. कारण किरकोळ असेलही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. उद्या सकाळी पहिला फोन तिथे करा. पुन्हा चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, लगेच न्या.

त्यांना त्या दिवसाची तारीख आणि शक्यतो वेळही सांगा. पेसमेकर स्वतःची नोंद ठेवतो. तपासणीच्या वेळी छातीवर एक चकतीसारखं यंत्र धरतात आणि आतली माहिती पडद्यावर येते: बॅटरी किती उरली, तार नीट आहे का, ठोके कधी फार वाढले, बाहेरच्या विजेचा गोंगाट कधी ऐकू आला. तुम्ही खोलीत होतात त्या वेळी पेसमेकर खरंच बिथरला असेल, तर त्याची खूण तिथे असण्याची दाट शक्यता आहे. इतकी वर्षं दिवे आणि घड्याळं यांच्या साक्षीवर तुम्ही स्वतःला दोषी धरलंत. इथे तुमच्या मूडशी काही देणंघेणं नसलेला साक्षीदार आहे. त्याला विचारा.

आता दिवे.

तुम्ही एकट्या नाही, हे तुम्ही वाचलंच आहे. ब्रिटनमधले हिलरी इव्हान्स यांनी अशा माणसांच्या हकिकती वर्षानुवर्षं गोळा केल्या. या मंडळींना इंग्रजीत 'स्लायडर' म्हणतात. त्या हकिकतींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: ठरवून, कुणी सांगितलं म्हणून दिवा विझवणं यांतल्या लोकांना जमत नाही. तो आपसूक विझतो. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. दिवा विझला हे खरंच. प्रश्न एवढाच, की तो तुमच्यामुळे विझला की तुमच्यासमोर विझला.

पिवळ्या-नारिंगी उजेडाचे सोडियमचे दिवे आठवा, तुमच्या कॉलेजच्या काळात रस्तोरस्ती तेच होते. असा दिवा म्हातारा झाला की पेटता राहायला त्याला जास्त जास्त व्होल्टेज लागतं. एका हद्दीनंतर चोक तेवढं पुरवू शकत नाही आणि दिवा विझतो. तापलेला असताना तो लगेच पेटत नाही. जरा थंड झाला की पेटतो, हळूहळू उजळतो, पूर्ण तापतो आणि पुन्हा विझतो. बदलेपर्यंत रात्रभर हाच खेळ. समजा, असा एक दिवा दर दहा मिनिटांनी विझतो आणि त्याच्या उजेडात तुम्ही एक मिनिट असता. म्हणजे दर दहा फेऱ्यांत एकदा तो तुमच्या डोळ्यांदेखत विझणार. रस्ता रोजचा आणि दिवाही तोच असेल तर महिन्यातून दोन-तीनदा हे होणारच. त्याच्याखाली कुणीच नसताना तो शेकडो वेळा विझतो, पण त्याचं पत्र मला कोण लिहिणार?

नवे एलईडी दिवेही यातून सुटलेले नाहीत. त्यांना वीज पुरवणारा भाग (ड्रायव्हर) तापला की काही दिवे आपोआप बंद होतात आणि गार झाले की लागतात. उजेड ओळखणारा फोटोसेल खराब असला तर गाडीच्या हेडलाइटनेही फसतो. मन थाऱ्यावर नसताना हे वाढतं म्हणता, तर तेव्हा तुमचं काय होतं ते बघा. अशा दिवशी माणूस उशिरा बाहेर पडतो, एकटा चालतो, आजूबाजूला जास्त बघतो. बरा मूड असताना डोक्यावरचा दिवा विझला तर फोनवरच्या गप्पांत लक्षातही येत नाही.

पटत नसेल तर मुळीच पटवून घेऊ नका, तपासा. तुमच्यासमोर हमखास विझणारा एक दिवा निवडा. घराच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून दिसणारा असला तर उत्तम. मोबाइल स्टँडवर लावून त्याचा तासभर व्हिडिओ घ्या, आणि त्या तासात तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबा. मग दुसऱ्या रात्री त्याच वेळी तुम्ही खाली येरझाऱ्या घाला आणि तिसऱ्या रात्री चेष्टा करणाऱ्या मैत्रिणीला घालायला लावा. ती अशी सुटता कामा नये. विझला की वेळ लिहायची. शिवाय, आणि हे सगळ्यात अवघड, वाटेत न विझलेले दिवेही मोजायचे. एका फेरीत चाळीस दिव्यांखालून गेलात आणि एक विझला, तर वहीत चाळीसपैकी एक असं लिहायचं. नुसतं 'आज पुन्हा विझला' असं नाही.

घड्याळांचं कोडं मला त्यामानाने सोपं वाटतं, कारण इथे गुन्हेगार बहुधा तुमच्या पर्समध्येच आहे. सेलवर चालणाऱ्या काट्यांच्या घड्याळात गारगोटीचा एक बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्या तालावर एक इवलीशी मोटर काटा पुढे ढकलते. ती मोटर चुंबकावर चालते. जवळ दुसरं जोरदार चुंबक आलं की ती अडते. पर्सचं खटकन लागणारं बटण, मोबाइलच्या फ्लिप कव्हरची पट्टी, टॅबलेटचं झाकण, ब्लूटूथ स्पीकर, सगळीकडे चुंबक असतं. चावीच्या घड्याळाची तऱ्हा वेगळी, त्याची केसासारखी स्प्रिंग चुंबकाने भारली की ते थांबण्याऐवजी भरधाव पुढे पळतं. रात्री घड्याळ काढून कुठे ठेवता ते बघा. दुरुस्तीवाल्याला 'बंद पडलं' एवढंच सांगू नका; सेल संपलाय, पाणी गेलंय की मोटर अडलीय ते विचारा. प्रत्येक वेळी कारण निराळं निघालं तर तेही काही कमी उत्तर नाही.

उरला चटका. तो मात्र सर्वस्वी तुमचा! कोरड्या हवेत सिंथेटिक कपडे आणि रबरी तळव्यांच्या चपला घालून गालिच्यावरून चाललं, की अंगावर स्थिर वीज साठते. तीनेक हजार व्होल्टच्या पुढे गेली की चटका जाणवतो आणि दहा हजारांवर जाणंही विशेष नाही. आकडा भयंकर वाटतो, पण साठलेली वीज इतकी थोडी असते की ती क्षणाच्या एका बारीक तुकड्यात संपून जाते. माणसाला त्याने इजा होत नाही. उघड्या इलेक्ट्रॉनिक भागांना मात्र आपल्याला जाणवणारही नाही इतक्या ठिणगीनेही होऊ शकते. म्हणूनच दुरुस्ती करणारे मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतात. तेव्हा कधीतरी एखाद्या प्रिंटरला तुमच्या बोटाने गोंधळात टाकलं असेल, तर ते मी नाकारत नाही. (बाकीच्या वेळी कागद दमट होता आणि तुम्ही घाईत होतात.) यावर उपाय आहे. सुती कपडे घाला, चपला बदला, हाताला क्रीम लावा आणि मूठ धरण्याआधी किल्लीचं टोक धातूला टेकवा. ठिणगी किल्लीतून जाते, बोटाला कळतही नाही. बाबांना हात लावण्याआधी अशीच खिडकीच्या गजाला किल्ली टेकवा. नाही टेकवली तर दोघांनाही जरासं टोचेल, इतकंच. पेसमेकर टायटेनियमच्या बंद डबीत असतो, असले चटके सोसण्याच्या बेतानेच तो बनवतात.

तुम्ही स्वतःला ज्यांच्या पंगतीत बसवलंत त्यांच्याबद्दल थोडं. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत १८४६ च्या जानेवारीत अँजेलिक कोतँ नावाची चौदा वर्षांची मुलगी हातमोजे विणत असताना समोरची चौकट उडू लागली. मग खुर्च्या, टेबलं. तिला पॅरिसला नेलं आणि फ्रेंच विज्ञान अकादमीत नामवंत शास्त्रज्ञ फ्रान्स्वा आरागो यांनी तिचा विषय मांडला. समिती बसली. होकायंत्राची सुई तिच्यापुढे हलली नाही. खुर्ची हलली, पण हातापायांच्या हालचालीने हलली नसेल याची खात्री समितीला देता येईना. आणि हे प्रकरण आमच्याकडे आलंच नाही असं समजावं, असं सांगून त्यांनी हात झटकले. मला त्या पोरीची दया येते. जमलेल्या थोरामोठ्यांपुढे तिच्याकडून रोज चमत्काराची अपेक्षा होती, आणि एवढ्या सगळ्यांत तिला कसलं भय वाटतंय हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

तुमच्या जातीचा खरा माणूस म्हणजे वोल्फगांग पाउली. पुढे १९४५ चं नोबेल मिळवणारा हा भौतिकशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत आला की उपकरणं बिघडतात, अशी त्याची ख्याती होती. हॅम्बुर्गच्या ऑटो स्टर्नने म्हणे त्याला आपल्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायला बंदी केली होती. एकदा ग्यॉटिंगनमध्ये एक महागडं यंत्र पाउली तिथे नसताना बिघडलं, सगळे म्हणाले चला, या वेळी तरी तो निर्दोष. तर नेमकं तेव्हाच त्याची गाडी ग्यॉटिंगन स्टेशनात थांबली होती, अशी गोष्ट सांगतात. फक्कड गोष्ट आहे. पण ती कशी रचली जाते ते पाहा: खोलीत असला तर तो, गावातून गेला तरी तोच. पाउली गेला आणि काहीच बिघडलं नाही, त्या दिवसांचा हिशेब कुणीच ठेवला नाही. त्याला स्वतःलाही हे खरं वाटायचं, आणि तरी त्याने प्रयोगशाळांपासून, मित्रांपासून तोंड लपवलं नाही. त्याचं हे मात्र घ्या.

मॉथमनची हकिकत अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाची. पॉइंट प्लेझंट गावाजवळ १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री दोन तरुण जोडप्यांनी लाल डोळ्यांचा, पंखवाला, माणसाएवढा प्राणी पाहिल्याचं सांगितलं. त्याच सुमारास त्याच राज्यातल्या दुसऱ्या एका माणसाच्या टीव्हीवर अचानक माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटली आणि बाहेर कुत्रा भुंकू लागला, हेही त्या कथेला जोडलं गेलं. अँटेनाच्या काळातल्या टीव्हीवरची ती नक्षी जुने दुरुस्तीवाले चटकन ओळखत, आसपासच्या ट्रान्समीटरची लहर चित्रात घुसली की ती दिसते. प्राण्याबद्दल बोलायचं तर, विद्यापीठातल्या एका वन्यजीव तज्ज्ञाने तेव्हाच सांगितलं होतं की हा वाट चुकलेला सँडहिल क्रौंच असावा. डोळ्यांभोवती लाल कातडी असलेला उंचापुरा पक्षी. मग १५ डिसेंबर १९६७ ला तिथला सिल्व्हर ब्रिज कोसळला, ४६ माणसं गेली आणि दोष पंखवाल्याच्या माथी बसला. तपास करणाऱ्यांनी नदीतून पोलाद बाहेर काढलं. पूल तोलून धरणाऱ्या साखळीच्या एका दुव्यात जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर होती. त्यानंतर अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे देशव्यापी नियम आले. बाबांच्या चक्करेबद्दल मी डॉक्टरांचा एवढा लकडा का लावलाय, ते आता लक्षात आलं असेल.

खरोखर वीज सोडणारे प्राणी आहेतच, आणि ते दंतकथेत लपून बसलेले नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या विद्युत ईल माशाच्या एका जातीने ८६० व्होल्ट सोडल्याची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यासाठी त्याच्या अंगात हजारो खास पेशी टॉर्चमधल्या सेलसारख्या एकामागे एक रचलेल्या असतात. त्याच्या देहाचा बहुतेक भाग त्यांनीच व्यापलेला असतो. तुमच्या-माझ्या शरीरात असा एकही अवयव नाही. असता तर पहिल्याच सोनोग्राफीत दिसला असता.

पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, दिवे काही सांगत तर नाहीत ना, हे. दमल्याभागल्या, घाबरलेल्या माणसाला असं क्षणभर वाटून जाणं वेगळं. पण हे रोज वाटत असेल, त्यापायी झोप उडाली असेल, दिवे नेमके तुमच्याशीच बोलतात अशी खात्री होऊ लागली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. वेडं ठरवण्यासाठी नाही. वडिलांच्या आजारपणात इतकं ओझं एकटीने वाहिलं की मन असे खेळ करतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

बाबांना काय सांगायचं? खरं ते. "बाबा, माझ्यामुळे तुमचं मशिन बिघडेल अशी भीती वाटत होती." ते हसतील कदाचित. हसू देत. लेक रुसली आहे असं समजून झुरण्यापेक्षा तिच्या भाबड्या भीतीला हसणं त्यांना केव्हाही परवडेल.

आता पेंडंट. लहरी शोषणारं म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंमध्ये पुष्कळदा चुंबक असतं. पेसमेकरला चुंबक ओळखण्याची सोय मुद्दाम केलेली असते. जोरदार चुंबक छातीवर आलं की तो हृदयाचं ऐकणं थांबवतो आणि ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो. डॉक्टर तपासणीसाठी हेच करतात, आणि चुंबक दूर केलं की तो पूर्ववत होतो. पण मिठी मारताना गळ्यातलं चुंबक नकळत तिथे टेकायला नको. हल्लीच्या काही फोनच्या मागच्या बाजूलाही चुंबकं असतात, तोही त्यांच्या शर्टाच्या खिशात नको. पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब असू द्या, आणि डॉक्टरांनी जास्त सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. शिवाय नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये अशाच दहा वस्तू किरणोत्सर्गी असल्याचं जाहीर केलं होतं, त्यात लहरींपासून बचाव करणारी म्हणून विकलेली पेंडंटही होती. सतत अंगावर घातली तर अपाय होऊ शकतो, वापरू नका, असं बजावलं होतं. तुमचं तसंच असेल असं नाही. ते फ्रिजच्या दाराला चिकटतं का बघा. चिकटलं तर बाबांच्या खोलीत ते मुळीच नेऊ नका, आणि नाही चिकटलं तरी पुन्हा गळ्यात घालू नका.